सर्व्हे नंबरागणिक बदलणारा गोवा

गोव्याच्या सरकारी राजपत्रात अधूनमधून एक तक्ता छापून येतो. दिसायला अगदी नीरस. अर्जदाराचं नाव, सर्व्हे नंबर आणि त्याचा पोटविभाग, गाव, तालुका, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ, आणि शेवटी दोन रकाने: जमीन आत्ता कोणत्या झोनमध्ये आहे आणि अर्जदाराला कोणता झोन हवा आहे. पहिल्या रकान्यात ‘ऑर्चर्ड’, ‘नॅचरल कव्हर’, ‘भातशेती’, ‘नो डेव्हलपमेंट स्लोप’ असं काहीबाही असतं. दुसऱ्यात जवळजवळ नेहमी एकच शब्द, ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीसाठी बांधकाम चालणारा झोन. तक्त्याच्या आगेमागे कुठेतरी तीस दिवसांची मुदत दिलेली असते. कुणाची हरकत असेल तर त्या मुदतीत नगरनियोजन खात्याला लेखी कळवावी.

असे तक्ते बारकाईने वाचणारी माणसं आता गोव्याच्या गावागावांत तयार झाली आहेत. त्यांत शिक्षक आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत, पंच म्हणून निवडून आलेल्या बायका आहेत. ती आधी आपल्या गावाचं नाव शोधतात, मग सर्व्हे नंबर, मग मोबाईलवर नकाशा उघडून तो नंबर कुठे येतो ते पाहतात. टेकडीच्या उतारावर की ओहोळाच्या काठाला? क्षेत्रफळ तीनशे मीटर की तीस हजार? एवढं कळलं की अर्ज घर बांधायला केलाय की विकायला, याचा अंदाज त्यांना बसतो आणि तो सहसा चुकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्याच्या जमिनीचा आजचा खरा आराखडा हा तक्ता आहे. ज्याला ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ म्हणतात तो रंगीत नकाशांचा संच नगरनियोजन खात्याच्या, म्हणजे टीसीपीच्या, कार्यालयात आहे, संकेतस्थळावर आहे, कोर्टातल्या कागदपत्रांतही आहे. पण गोवा बदलतो तो या तक्त्यातल्या ओळींनी, एकेका सर्व्हे नंबराने. एका राज्याने आपला जमीनवापराचा आराखडा कसा रद्द केला, लोकांना बसवून नवा कसा केला, तो खुंटीला कसा टांगला आणि मग मागच्या दाराने कसा फिरवत नेला, याची ही हकीकत आहे.

गोवाच का, असं कुणी विचारेल. जमीनवापराचं धोरण तर देशाचं असायला हवं. हवं खरं, पण जमीन हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय, अठराव्या क्रमांकाची नोंद. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २०१३ मध्ये राष्ट्रीय जमीनवापर धोरणाचा मसुदा काढला होता. तो मसुदाच राहिला. त्यामुळे आपल्याकडे देशाचं जमीनवापर धोरण म्हणजे राज्याराज्यांच्या नियोजन कायद्यांची बेरीज, आणि ती तपासायची तर एखादं राज्य घ्यावं लागतं. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही कमी. इथे चूक लपवायला जागा नाही. टेकडी कापली तर खालच्या शेतात तांबडी माती पहिल्याच पावसात दिसते.

शिवाय योगायोग असा की देशाच्या शहरीकरणाचा विचार करायला १९८५ साली जो राष्ट्रीय आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष होते चार्ल्स कोरिया. नवी मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत मांडणारे, पणजीची कला अकादमी उभारणारे, मूळ गोंयकार घराण्यातले कोरिया. गोव्याला नवा आराखडा करायची वेळ आली तेव्हा सरकारने त्यांनाच बोलावलं. त्या काळात देशात याहून जाणता माणूस मिळाला नसता. तरीही पुढे जे झालं ते झालं.

आराखड्याचा इतिहास सांगण्याआधी खाजनाबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला गोव्याचा नकाशा म्हणजे किनाऱ्याची रेघ वाटते. गोव्याचा जुना शेतकरी जमीन तीन नावांनी ओळखतो: वरकस चढाची मोरड, मधली रेताड खेर आणि नदीच्या मुखाकडची खाजन. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीखालची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. मांडवी-जुवारीच्या काठाने अशी हजारो हेक्टर जमीन आहे. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी, म्हणजे पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रामसंस्थांनी, ती घडवली.

चोडणच्या बाजूला एका मानशीवर थांबलो होतो, तेव्हा ओहोटी लागली होती. मानस म्हणजे बांधात बसवलेलं दार. चिऱ्यांच्या भिंतींमध्ये लाकडी झडपा असतात आणि त्या फक्त बाहेरच्या दिशेला उघडतात. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब झडप ढकलतो आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. भरती आली की नदीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. ना मोटार, ना वीज. दाराच्या आतल्या बाजूला पाणी साठवायला खोलगट पोंय असते, तिथे मासे-कोळंबी वाढते. मानशीच्या मुखाशी जाळं लावायचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. निदान तशी रीत होती. आता ठेका घेणाऱ्याला मासळी जास्त हवी असते, म्हणून झडप उघडी ठेवली जाते, खारं पाणी शेतात चढतं, आणि कोरगूटसारखं मीठ सोसणारं भातसुद्धा तग धरत नाही. एकदा शेत पडीक झालं की खाजन ‘निरुपयोगी’ ठरते. निरुपयोगी जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

हे विस्ताराने सांगायचं कारण असं की खाजन सर्व्हे नंबर ओळखत नाही. बांध एक, मानस एक, पाणी एक. मधल्या चार नंबरांवर भराव टाकून रस्त्यालगत बंगले झाले तर पावसाचं पाणी उरलेल्या चाळीस नंबरांत शिरतं. एकेका प्लॉटचा झोन एकेका अर्जावर बदलायचा ही पद्धत इथे मुळातच लागू पडत नाही. टेकडीचंही तेच. गोव्याच्या नियोजन कायद्यात टेकडी कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी घ्यावी लागेल, असं सांगणारं वेगळं कलम, १७-अ, घालावं लागलं ते उगाच नाही.

तो कायदा १९७४ चा, गोवा-दमण-दीव केंद्रशासित असतानाचा. त्याखाली पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ मध्ये अधिसूचित झाला, २००१ सालापर्यंतचा. घटक राज्याचा दर्जा मिळाला तो नंतर, ३० मे १९८७ रोजी. २००१ उलटून गेलं तरी पुढचा आराखडा तयार नव्हता. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला तो ऑगस्ट २००६ मध्ये. म्हणजे ज्या आराखड्याची मुदत पाच वर्षांत संपणार तो लागू होतानाच निम्मा म्हातारा. आपल्याकडे आराखडे असेच उशिरा जन्मतात; मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

पण २०११ च्या आराखड्याचा दोष उशीर हा नव्हता. नकाशे लोकांच्या हाती पडले तेव्हा डोंगर, झाडीचे उतार, किनाऱ्यालगतचे पट्टे सेटलमेंटच्या रंगात रंगलेले दिसले. मसुद्यात नसलेल्या जागा अंतिम नकाशात कशा शिरल्या, असा सवाल झाला. नगरनियोजन खातं तेव्हा बाबूश मोन्सेरात यांच्याकडे होतं आणि मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे. वर्षअखेरीला ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. निमंत्रक एक डॉक्टर, ऑस्कर रिबेलो. आर्किटेक्ट, चर्चशी जोडलेले लोक, देवस्थानांचे महाजन, शेतकरी, मच्छीमार असे एरवी एका मांडवात न बसणारे लोक डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर एकत्र आले. जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतल्याचं जाहीर केलं. अधिसूचित झालेला अख्खा आराखडा लोकांच्या रेट्याने रद्द होणं ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २००७ रोजी, दिगंबर कामत सरकारने राज्यातले विशेष आर्थिक क्षेत्रांचे प्रकल्पही रद्द करत असल्याचं सांगितलं. गोव्यातल्या कार्यकर्त्यांचे ते उमेदीचे दिवस.

मग नव्या, म्हणजे २०२१ च्या, आराखड्यासाठी कृती दल नेमलं गेलं. अध्यक्ष मुख्यमंत्री कामत, उपाध्यक्ष कोरिया, सोबत देशाचे माजी मुख्य नगररचनाकार एडगर रिबेरो, आर्किटेक्ट डीन डिक्रूझ आणि इतर. या दलाने एक वेगळी गोष्ट केली. प्रादेशिक आराखडा म्हणजे सहसा एवढ्या लहान प्रमाणावरचा नकाशा की त्यावर आपलं घर शोधणं अशक्य. यांनी गावागावांचे, सर्व्हे नंबर दिसतील असे नकाशे काढले आणि २००८ चा मसुदा पंचायतींकडे पाठवला. गावसमित्यांनी तो पाहायचा, चुका सांगायच्या, आपलं म्हणणं द्यायचं.

पंचायतीच्या सभागृहात टेबलावर पसरलेला असा नकाशा ज्याने पाहिला असेल त्याला त्याचं मोल कळेल. वरून काढलेल्या उपग्रह चित्रात सगळं हिरवं सारखंच दिसतं. पण गावातल्या म्हाताऱ्याला माहीत असतं की या हिरव्यात मधे झर आहे, तिथे देवराई, इथून पाणंद तळ्याकडे जाते, आणि नकाशात बागायत म्हणून दाखवलेलं ते मुळात ओहोळाचं पात्र. गावात अशी माहिती साठून असते. ती टीसीपीच्या फायलीत पहिल्यांदाच, आणि तीही लोकांच्या हस्ताक्षरात, पोचली. या प्रक्रियेतून दोन पर्यावरणीय झोन ठरले. पहिल्यात जंगल, पाणवठे, खारफुटी, खाजनं, भातशेती अशा जिथे हात लावायचा नाही त्या जमिनी. दुसऱ्यात भाटं-बागायती, मिठागरं, उतार अशा जिथे फार सांभाळून वागायचं त्या. गावांचेही दोन वर्ग झाले, शहराकडे झुकणारी आणि खेडं राहिलेली, आणि त्यानुसार बांधकामाचं प्रमाण.

हा आराखडा परिपूर्ण होता, असं मी म्हणणार नाही. २०११ मध्ये अंतिम नकाशे आले तेव्हा कित्येक गावांनी तक्रार केली की आम्ही दिलेलं म्हणणं यात उतरलंच नाही, उलट आम्ही न मागितलेले रस्ते आणि प्रकल्प उतरले. रस्ता सहा मीटरचा असताना दहा मीटरचा दाखवला की त्याच्या कडेच्या बांधकामाचं गणितच बदलतं, हे गावांनी पटकन ओळखलं. २०१२ मध्ये सरकार बदललं. मनोहर पर्रीकरांच्या सरकारने आराखडा स्थगित ठेवला. दुरुस्त करून आणू, असं सांगितलं गेलं. नंतर काही वर्षं गोव्यात एक विचित्र अवस्था होती. जुना आराखडा मुदत संपलेला, मधला रद्द, नवा स्थगित. अशा वेळी परवानग्या थांबत नाहीत, फक्त त्या कशाच्या आधारावर दिल्या हे सांगणं अवघड होतं. २०१८ च्या सुमारास आराखडा परत वापरात आला, पण तोवर त्याच्या मुदतीची तीनच वर्षं उरली होती.

आणि त्याच वर्षी कायद्यात १६-ब हे नवं कलम घातलं गेलं. जमीनमालकाने अर्ज करायचा, फी भरायची, आणि सरकारने आराखड्यातला झोन बदलून द्यायचा. अर्जांची रीघ लागली. ‘गोवा फाउंडेशन’ या पर्यावरणवादी संस्थेने उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ग्रामसभांनी ठराव केले. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, १७ (२) आलं. २०२४ मध्ये ३९-अ आलं. कलमांचे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा नाही; गोव्यात मात्र ते चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

१७ व्या कलमाची गोष्ट मुळातून समजून घेण्यासारखी आहे. १९७४ च्या कायद्यात हे कलम आराखड्याच्या फेरविचारासाठीच होतं. सरकारला वाटलं की आराखडा बदलायला हवा, तर मुख्य नगररचनाकाराला सांगायचं आणि मूळ आराखडा करताना जी पायरी-पायरी होती ती सगळी पुन्हा चढायची: पाहणी, मसुदा, प्रसिद्धी, हरकती, सुनावणी. म्हणजे कायद्याने फेरविचाराला बंदी केली नव्हती, तो उजेडात करायला सांगितला होता. नव्या पोटकलमाने आराखड्यातल्या ‘अनवधानाने राहिलेल्या चुका’ आणि ‘विसंगत झोनिंग’ सुधारण्यासाठी जवळची वाट काढली. त्यात हरकतींची सोय नव्हती. चूक कुणाची, कशी झाली, हे लोकांसमोर तपासायची गरज उरली नाही. ऑर्चर्डचं सेटलमेंट झालं, शेताचं सेटलमेंट झालं आणि राजपत्रात आल्यावर गावाला कळलं.

एखादी चूक अनवधानाची असू शकते. पण अनवधानाने झालेल्या बहुतेक सगळ्या चुका एकाच बाजूला कशा कलतात? सेटलमेंट चुकून दाखवलं गेलं, ते परत भातशेती करा, असा अर्ज कुणी श्रीमंत खरेदीदार करताना कधी दिसत नाही. ऑर्चर्ड आणि सेटलमेंट यांच्या दरात जो कित्येक पटींचा फरक आहे, त्यातून हे सगळं उगवतं. झोनच्या त्या एका शिक्क्यात जमिनीची किंमत असते.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७ (२) खालचे नियम रद्द केले आणि त्या पोटकलमाचा अर्थ आखडून घेतला. गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी आणि गोवा बचाव अभियान यांच्या याचिकांवरचा हा निकाल. थोडक्यात सांगायचं तर चूक सुधारण्याच्या नावाखाली आराखडाच तुकड्यातुकड्याने बदलता येणार नाही. राहिलं ३९-अ. त्यात निदान तीस दिवसांची हरकतीची मुदत आहे. सुरुवातीला सांगितलेला तक्ता तो हाच. पण तिथेही विचार होतो तो एका अर्जाचा, एका नंबराचा. त्या टेकडीवर आणखी किती अर्ज पडलेत, सगळे मंजूर झाले तर खालच्या विहिरींचं, रस्त्याचं, कचऱ्याचं काय, हा प्रश्न विचारायला त्या तक्त्यात रकाना नाही. त्या कलमालाही न्यायालयात आव्हान मिळालं आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती खरी आहे. सरकार म्हणतं की २०२१ च्या आराखड्यात चुका आहेत आणि गोंयकार त्यात भरडला जातो. हे खोटं नाही. पिढ्यान्पिढ्या उभं असलेलं घर नकाशात ऑर्चर्डमध्ये आलं, भावांच्या वाटण्या झाल्या, धाकट्याला शेजारी दोन खोल्या चढवायच्या आहेत, तर बिगरशेती वापराची सनद मिळत नाही. ऑर्चर्डमध्ये फार्महाऊस बांधायचं तर किमान चार हजार चौरस मीटर जमीन लागते. कुणाकडे आहे एवढी? मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला गावात तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. ती हक्काची झाल्यावरही झोन आडवा येतो. अशा माणसाच्या हातात एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या सात-बाराचा गोव्यातला भाऊ, आणि एक पिवळा पडलेला टॅक्सचा कागद असतो. तो टीसीपीच्या पायऱ्या वर्षानुवर्षं झिजवतो.

पण मग त्याच्यासाठी दार उघडलं का? दार उघडलं ते सगळ्यांसाठी, आणि दारातून आधी शिरतो तो ज्याच्याकडे वकील, आर्किटेक्ट आणि फी भरायची ताकद आहे तो. तीनशे मीटरवाल्या मुंडकाराची अडचण पुढे करून तीस हजार मीटरच्या उताराचा झोन बदलून घेणं, याला मी तरी दुरुस्ती म्हणणार नाही. खऱ्या चुका सुधारायच्या असतील तर रस्ता अवघड नाही. गावाच्या सगळ्या चुकांची यादी एकदम करावी, ग्रामसभेपुढे ठेवावी, ज्या घराला घरपट्टी लागते ते घर कुठल्या झोनमध्ये दिसतं एवढं तपासलं तरी निम्म्याहून जास्त काम होईल, आणि सगळ्या दुरुस्त्या एकाच दिवशी, एकाच नकाशावर छापाव्यात. पंचायती दोनशेच्या आत आहेत. उत्तर प्रदेशासारखा डोंगराएवढा व्याप नाही हा.

हे काम करायचं सरकारं का टाळतात, याचं उत्तर गोव्यापुरतं नाही. नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. आपल्या खाजनांसारखीच समुद्रपातळीखालची जमीन, तिची राखण करणारी निवडून दिलेली पाणीमंडळं मध्ययुगापासूनची, आणि १९६० पासून संपूर्ण देशाच्या जमीनवापराचे राष्ट्रीय आराखडे. त्यांचा पाचवा आराखडा २००१ मध्ये मांडला गेला, २००२ मध्ये सरकार कोसळलं आणि तो बाजूला पडला. अलीकडे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की पुढे जागांचं नियोजन पाणी आणि माती सांगतील तसं होईल. दोन वर्षांत सरकार बदलल्यावर ‘सांगतील तसं’चं ‘लक्षात घेऊन’ झालं. तेव्हा राजकारण तिथेही आडवं येतं. फरक असा की तिथे बदललेली वाक्यं संसदेत वाचली जातात, त्यांवर भांडणं होतात, आणि नागरिकाला कळतं की आता देश कुठल्या वाक्यावर उभा आहे. आपल्याकडे ते सर्व्हे नंबराच्या पोटविभागात शोधावं लागतं.

दरम्यान गोवा भरत चालला आहे, पण कुणी राहायला येऊन नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि राज्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं. त्यानंतर आसगाव, हणजूण, शिवोलीकडे जी बांधकामं झाली ती पाहता हे प्रमाण कमी झालं असेल असं वाटत नाही. त्यातली बरीच घरं दिल्लीकरांची आहेत, आणि मुंबई-पुण्याच्या मराठी माणसांचीही आहेत. हे आपण मान्य करायला हरकत नसावी. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्याच्या जमिनींकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्याच महिन्यात भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी करणारं विधेयकही सरकारने आणलं. चांगला कायदा. पण झोन बदलून भातशेती भातशेतीच राहिली नाही, तर तो कायदा काय करणार?

पेडण्याच्या पलीकडे तेरेखोल ओलांडली की सिंधुदुर्ग. १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला हा जिल्हा बरीच वर्षं शांत होता. आता मोपा त्याच्या दारात आहे, आणि रेवस-रेडी सागरी महामार्ग येतो आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने कोकण किनाऱ्यावरच्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून राज्य रस्ते विकास महामंडळाला नेमलं. रस्ता बांधणाऱ्याच्या हाती भोवतालच्या गावांचा नकाशाही द्यावा का, यावर मतभेद होऊ शकतात. मला ते बरं वाटत नाही. रस्त्याचं काम करणाऱ्याला जमीन रस्त्याच्या दोन कडांनी दिसते. खाडीच्या आतलं खारलँड, कातळसडा, त्यावरची पावसाळी डबकी आणि कातळशिल्पं, देवराया हे त्याच्या नजरेत कितपत भरेल, सांगता येत नाही. गोव्यात गावसमित्यांनी २००८ ते २०११ मध्ये जे केलं ते मालवण, वेंगुर्ला, देवगड, गुहागरला व्हायला हवं, आणि ते नकाशा अंतिम होण्याआधी. नंतर केलं तर त्याचं रूपांतर कोर्टकज्ज्यात होतं, हे गोव्याने सतरा-अठरा वर्षं खर्चून दाखवलंय.

महाराष्ट्राचा कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रादेशिक आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना किमान चार महिने द्यावे लागतात. शहरांच्या विकास आराखड्याचा वीस वर्षांतून एकदा तरी फेरविचार व्हायला हवा, असंही तोच कायदा सांगतो. चार महिने म्हणजे पुष्कळ. पण मसुदा मराठीत, वाचता येईल अशा नकाशासह ग्रामपंचायतीत येतो का? की जिल्ह्याच्या ठिकाणी भिंतीवर लावलेला एक मोठा कागद, ज्याच्या खालच्या कोपऱ्यातली अक्षरं भिंगाशिवाय दिसत नाहीत?

ज्यांना गोव्यात घर घ्यायचं आहे त्यांनी एजंटच्या ‘सगळं क्लिअर आहे’ यावर विसंबू नये. सर्व्हे नंबर विचारावा, २०२१ च्या आराखड्यात तो कुठल्या रंगात आहे ते स्वतः पाहावं, आणि झोन २०२३ नंतर बदललेला असेल तर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेच्या राजपत्रात, हे लेखी घेऊन वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनची रक्कमही देऊ नये. आणि ज्यांचं कोकणात वडिलोपार्जित घर, चार कलमं, खाडीकाठचं एखादं खारं शेत आहे, जे मे महिन्यात गावी जातात आणि बाकी वर्षभर मुंबईत असतात, त्यांना विनंती आहे: गावात मसुदा लागला असं कळलं की गणपतीपर्यंत थांबू नका. पहिल्याच आठवड्यात नकाशाची प्रत मागा, गावातल्या जाणत्याला सोबत घेऊन ती वाचा, आणि हरकत लेखी द्या, पोच घ्या.